'दोन किलवर' म्हणायला घाबरले

सांगूनच टाकते, कारण डोक्यातून जातच नाहीये. नाहूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पत्त्यांचं ब्रिज असतं. मी आणि बाबा पार्टनर. वर्षभरापासून बाबा विसरायला लागलाय. आधी किल्ल्या, मग गॅस, मग मावशीचं नाव. ऑफिस सुटलं, स्कूटर सुटली, ब्रिज तेवढं राहिलं. तेही सुटेल म्हणून आई आणि मी दोघी टरकून असतो.

त्या रविवारी माझ्या हातात पाच इस्पिक, पाच बदाम! झकास! किलवर एकच. उजवीकडच्या काकांनी बोली लावली, "एक किलवर." अशा वेळी आम्ही "दोन किलवर" म्हणतो. म्हणजे माझ्याकडे इस्पिक आणि बदाम दोन्ही भरपूर आहेत, पार्टनर, तू एक निवड. किलवरशी त्याचा काही संबंध नसतो. मी बारावीत असताना बाबानेच शिकवलेलं हे. मी धाडकन बोलून मोकळी.

डावीकडच्या काकूंनी विचारलं, "याचा अर्थ काय हो?" आता नियम असा, की अर्थ पार्टनरनेच सांगायचा. मी तोंड उघडायचं नाही, चेहरासुद्धा हलवायचा नाही. बाबा पानांकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "किलवर आहेत तिच्याकडे." आणि पास!

वाट लागली. बाकीचेही पास, म्हणजे माझीच बोली पक्की. हातात एक किलवर आणि हुकूम किलवर! काका हसले, "काय रे, पोरीला बुडवलंस की!" बाबापण हसला, पण कान लाल झालेले.

तीन-चार डावांनी, यार, परत तसाच हात. परत उजवीकडून "एक किलवर." मी अडकलेच. काकू परत विचारणार, आणि बाबा परत... मी साधं "एक इस्पिक" म्हणाले. सगळे पास. बोली माझी, म्हणून पार्टनरने पानं उघडी करायची. बाबाने मांडली तर इस्पिक एक, बदाम पाच. डाव गेला.

"बदाम किती होते गं तुझ्याकडे?"

"पाच."

"मग दोन किलवर का नाही म्हणालीस?"

"विसरले रे."

"तू नाही विसरलीस," तो हळूच म्हणाला. "आणि या वेळी मला आठवत होतं."

पत्ते पिसायची पाळी त्याची होती. त्याने कॅट काकूंकडे सरकवला.

काल परत रविवार. मी तयार होऊन दारात उभी. बाबा म्हणाला, "तू जा. मी जरा पेपर वाचतो."