बूट घातलेली कुर्ली

हा तपास मी चारचौघांत अनेकदा सांगितला आहे आणि दर वेळी लोक हसले आहेत. सांगताना एक गोष्ट मात्र मी नेहमी गाळली. बायकोलाही ती ठाऊक नाही. आयेच्या खळ्यात उमटलेले ते बुटांचे ठसे माझे होते.

मालवण तालुक्यातल्या त्या गावात काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन गावपळण होते. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी वेशीबाहेर माळावर झोपड्या बांधून राहतात. तेवढे दिवस गाव देवाचा. आत पाऊल टाकायचं नाही. आमची गस्त वेशीवरच्या रस्त्यावर होती. गाव बाहेर पडला त्याच दुपारी मी एकटाच होतो. माणसांशिवाय गाव कसा दिसतो, एवढ्याच उत्सुकतेपोटी आत गेलो. एका विहिरीवर तोंड धुतलं, चौकड्यांचा रुमाल पिळून काठावर वाळत टाकला, थोडा बसलो आणि परत आलो. तिथलं अंगण, म्हणजे खळं, निघताना सारवलेलं आणि अजून ओलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

गाव परतला. आठवडाभराने आये ठाण्यात आली. एकटी राहणारी म्हातारी, सगळा गाव तिला आयेच म्हणायचा. तिची सोन्याची माळ गायब होती. मी पंचनाम्याला गेलो, तर खळ्याच्या मधोमध एक टोपली पालथी घातलेली.

"चोराचो पाय मिया झाकून ठेवलंय, सायबानू. बघा!" ती अभिमानाने म्हणाली.

मी टोपली उचलली. टाच, नाल, सगळं ओळखीचं. मी शिपायाला बाजूला पाठवलं आणि म्हणालो, "पुसट आहे, आये. उपयोगाचा नाही. सारवून घे."

तिने सारवून घेतलं. माझ्यावर विश्वास होता तिचा.

दुसऱ्या दिवशी गावातून फोन आला. "गाव भायर होतो तेवा मास्तर आत होतो. त्येचा चित्र बघा. बघल्याबिगर असां कोण काढीत?" शिवाय गावात रोज बूट घालणारा माणूस एकच, हे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले.

आम्ही चित्र जीपमध्ये घालून आणलं. तैलरंग अजून ओले होते. हवालदाराच्या पँटीला निळा पट्टा लागला, ठाण्यात टर्पेंटाइनचा वास भरला. चित्रात तोच गाव होता, पण माडांवर मासे झोपलेले, तुळशीवृंदावनाला कान फुटलेले, उंबऱ्यावर समुद्र येऊन बसलेला. विहिरीपाशी गायीएवढी कुर्ली, म्हणजे खेकडी, उभी होती. तिच्या पायांत तपकिरी बूट आणि नांगीत चौकड्यांचा रुमाल.

"मास्तरानू, हे कुर्लेक बूट कोणी घातले?" हवालदाराने विचारलं आणि सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. खिशातला हात मात्र रुमालावर घट्ट होता.

मास्तर ऑफिसात शुद्ध बोलत. "साहेब, मी ठरवून काही काढत नाही. डोळे मिटतो, हात जाईल तिकडे जाऊ देतो. आतून जे येतं ते रंगवतो. हे कुठून आलं, मला खरंच माहीत नाही."

मला माहीत होतं. त्यांची झोपडी माळाच्या टोकाला होती आणि तिथून आयेची विहीर दिसते. त्यांनी मला पाहिलं होतं. फक्त पाहिल्याचं त्यांना कळलं नव्हतं. आपण आत गेलोच नाही, असं ते दोन दिवस सांगत राहिले. मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारत राहिलो.

शेवटी तेच म्हणाले, "आयेला बोलवा." ती आली तसा त्यांनी तिच्या हातात कोळसा दिला. "आये, डोळे मिट. इचार करू नको. हात जाता थंय जावंदे."

"माका गो बाई चित्र काढूक सांगता हो! अरे, माजो पाय मसणात," असं म्हणत तिने डोळे मिटले. हात गोल फिरला, पुन्हा फिरला, मग मधे एक दांडी आली. डोळे उघडून तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "ह्यां तर माजां जातां!"

गावपळणीला निघताना तिनेच माळ जात्याखाली दडपली होती. आम्ही जातं हलवलं, माळ निघाली. मास्तर तिच्यापेक्षा जास्त हसले. वर्तमानपत्रात पोलिसांचं कौतुक छापून आलं.

चोरीचा आळ गेला, पण देवाची वेस मोडल्याचा राहिला. ठसे तर सगळ्यांनी पाहिले होते. देवळात मास्तरांनी नारळ ठेवला, गावच्या मानकऱ्याने देवाला गाऱ्हाणं घातलं, "लेकराची चूक झाली असली तर पोटात घाल." मी बंदोबस्ताला टोपी काढून खांबाशी उभा होतो.

बाहेर येऊन मास्तरांनी मला हळूच विचारलं, "साहेब, हात खोटं बोलत नाही. भान नसताना मीच गेलो असेन का हो आत?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "शक्य आहे, मास्तर."

नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले. त्यांतला एकही स्वतःवर संशय घेत नाही. तो निरपराध माणूसच घेतो. खोटं बोलणारा नजर चुकवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. तेही खरं नाही.

त्यानंतर मास्तरांनी डोळे मिटून चित्र काढलं नाही. आता समोर दिसतात त्या होड्या काढतात, आणि छान काढतात. मी गेलो की आग्रहाने सोलकढी पाजतात, "आमचे साहेब" म्हणून शेजाऱ्यांना ओळख करून देतात. आये आता नाही. मास्तर आहेत, पण थकलेत.

आत गेला होता तो मी, तुम्ही नाही. हे मला मास्तरांना सांगायचं आहे, देवळात, सगळ्या गावासमोर. ते अजून सांगितलेलं नाही.