सुगतची खोडलेली ओळ

सुगत सोनकांबळे कागद घेऊन खाली यायचा तेव्हा प्रत्येक दोन ओळींमध्ये भरपूर अंतर सोडलेलं असायचं. "तुमच्या लाल शाईला जागा ठेवलीय, मॅडम," असं म्हणून तो चपला दाराबाहेर जोडून ठेवायचा आणि जेवणाच्या टेबलाशी बसायचा. पाठ मात्र खुर्चीला टेकायचा नाही. नांदेडच्या आपल्या घरात तो सहा वर्षं वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिला, पण ती पाठ टेकलेली मी एकदाही पाहिली नाही.

मुलांनो, तुमची त्याची गाठ पडली नाही. सुट्टीत तुम्ही इकडे यायचात तेव्हा तो आणि त्याची बायको वैशाली गावी गेलेले असायचे. गाव लोहा तालुक्यातलं. तिथल्या शाळेतून शिकत तो इंजिनिअर झाला आणि इथल्या एका खासगी कॉलेजात तासांवर शिकवू लागला. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी यादी. मी विचारायची, "नोकरी कशी आहे?" तो म्हणायचा, "चालू हाय, पण भरवसा न्हाई."

हेच वाक्य तो त्याच्या ड्रायव्हरबद्दलही म्हणायचा. बीएसडी नावाची एक संगणक प्रणाली जगभरची माणसं फावल्या वेळात सांभाळतात. एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक काल्पनिक यंत्रं चालवता येतात, आणि त्यांना नेटवर्कशी जोडायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. दुसऱ्या एका प्रणालीवरचा असा ड्रायव्हर सुगत बीएसडीवर आणत होता. तो तासभर उत्तम चालायचा आणि मग मुकाट्यानं थांबायचा. कुठं चूक झाली तेही सांगायचा नाही.

हे काम चालू होतं त्याच उन्हाळ्यात लातूरच्या एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. दाखवायला सुगतकडे छापील शोधनिबंध नव्हते. प्रणालीची नवी आवृत्ती मुलाखतीच्या आधी निघणार होती. ड्रायव्हर वेळेत दुरुस्त होऊन तिच्यात गेला असता, तर फाइलच्या माथ्यावर त्याचं नाव लागलं असतं. "तिथून जूनमध्ये नाव काढत न्हाईत, मॅडम," तो हसून म्हणाला होता.

परदेशातल्या जाणकारांना मदत मागणारं त्याचं पहिलं पत्र मी तपासलं. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे हात आपोआप चालायचा. एका ओळीत त्यानं लिहिलं होतं : चूक शोधायला म्हणून पडद्यावर दर वेळी काही अक्षरं छापायला सांगितली की ड्रायव्हर थांबतच नाही. छापणं बंद केलं की पुन्हा थांबतो. असं का होतं ते मला कळत नाही.

"हे काय रे? बघायला गेलं की बरं होतं? हे दुखणं आहे की बाहेरची बाधा?" मी विचारलं.

"पण तसंच होऊन राहिलंय, मॅडम. लई वेळा करून बघितलं."

"असेल. पण परक्या माणसांना पहिल्याच पत्रात 'कळत नाही' म्हणून सांगायचं? हसतील तुला. खात्रीचं तेवढंच लिही."

मी ती ओळ लाल शाईनं खोडली आणि समासात 'अनावश्यक' असं लिहिलं. त्यानं कागद आपल्याकडे वळवून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "तुम्ही खोडलं म्हणजे बरोबरच असंल."

पत्र देखणं झालं. उत्तरंही सभ्य आली : हे बदलून पाहा, ते बंद करून पाहा. सुगतनं सगळं करून पाहिलं. तो कॉलेजातून यायचा आणि वर जाऊन यंत्रासमोर बसायचा. चार आठवडे गेले. नवी आवृत्ती त्याच्या ड्रायव्हरशिवाय निघाली. लातूरच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "काम कुठं आलंय का?" त्यानं सांगितलं, "येणार हाय." जागा दुसऱ्याला मिळाली.

दोष सापडला तो त्यानंतर. सुगत दुधाची टोपली दोरीनं खाली सोडायचा, त्या टोपलीवरूनच त्यानं मला समजावलं. "समजा, मी गॅलरीतून बघितलं, टोपली रिकामी हाय. म्हणून दूध पडलं की वाजणारी घंटी चालू करून आत गेलो. पण मी बघितल्यावर अन् घंटी चालू करायच्या आधी दूध येऊन पडलं तर? दूधवाला म्हणतो, ठेवलं. मी म्हणतो, घंटी वाजली न्हाई. दोघंबी खरं बोलतो अन् दोघंबी थांबून राहतो. घंटी चालू केल्यावर पुन्हा एकदा वाकून बघायचं, एवढंच राहिलं होतं."

"मग हे सापडलं कसं?" मी विचारलं.

"सापडलं, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं पत्रं खाली आणली नाहीत. मला ते लागलं. एकदा जिन्यात मी म्हटलंही, "मोठा झालास बाबा. आता आमची लाल शाई कशाला लागेल?" तो चपलेकडे बघत म्हणाला, "तसं न्हाई, मॅडम. तुमच्या डोळ्यांना त्रास कशाला?"

पुढच्या जूनमध्ये त्याला तास मिळाले नाहीत. दोघं लातूरला गेले. तिथं तो शिकवणी वर्गात शिकवायचा. सणाला फोन यायचा, आवाज बसलेला असायचा. मागच्या जानेवारीत फोनवर वैशाली होती. वर्गात शिकवताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

ईशान, तू मला व्हिडिओ कॉलवर बीएसडीच्या त्या मंडळींचा जुना पत्रव्यवहार उघडून दाखवलास, तो मी त्याचं नाव कुठं दिसतं का हे बघायला सांगितलं म्हणून. नाव दिसलं. पण त्याआधी एका परदेशी माणसाचं पत्र दिसलं : छापायला सांगितल्यावर फरक पडतो का? सुगतचं उत्तर : हो, पहिल्या दिवसापासून. त्यावर तो माणूस चिडला होता. छापण्यात वेळ जातो, म्हणजे दोष वेळेच्या फरकाचा आहे हे उघड होतं, महिन्यापूर्वी का सांगितलं नाहीस? त्याखाली सुगतनं लिहिलं होतं : मी लिहायचं विसरलो. चूक माझी आहे.

त्या दोन वाक्यांत व्याकरणाची एक चूक होती. मला ती लगेच दिसली.

माझ्या कपाटात त्यानं माझ्याकडेच ठेवलेले सगळे मसुदे तारखेवार लावलेले आहेत. पहिला कागद काढला. लाल रेघेखालची ओळ अजून नीट वाचता येते. त्या कागदाचा फोटो या पत्रासोबत आहे. तो त्या मंडळींना पाठव आणि खाली, मी सोबत इंग्रजीत लिहून दिलंय, तेवढंच उतरव : सुगत सोनकांबळे विसरला नव्हता. त्यानं ही ओळ लिहिली होती. ती मी खोडली. माझं पूर्ण नाव घाल.

आणि ईशान, माझं इंग्रजी तपासू नकोस.