फ्लोरा वहिनींची चढण

सन २०२२, ऑक्टोबरचा शेवट. घड्याळं तासभर मागे करायच्या आधीचा रविवार. त्या दिवशी सामीने लंडनच्या हॅरोमधल्या आमच्या लॉक-अपमध्ये, म्हणजे भाड्याच्या गॅरेजात, एक टर्बो इंजिन आणून ठेवलं. तिथून पुढच्या मेपर्यंत किश्श्यांची रास पडली.

गॅरेजमधल्या गोष्टींचं असंच असतं. इंजिन खोलून परत जोडलं की दोन-चार नटबोल्ट हमखास उरतात. कुठले ते कळत नाही, फेकवतही नाहीत. डबा भरत जातो. मी चौथीपर्यंत शिकलो, लिहायची सवय नाही. झालं तसं सांगतो. मसाला घालणार नाही.

सामी म्हणजे सॅम्युएल चेऊलकर. अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. बसच्या डेपोत मी आणि तो शेजारीशेजारी काम करून रिटायर झालो. तिसरे बापट. ते कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसातून रिटायर झाले. स्पॅनर कुठल्या टोकाला धरायचा हे त्यांना आजही ठाऊक नाही, पण मॅन्युअल खणखणीत वाचतात. एवढंच आमचं मंडळ.

गाडी सामीची. किट कार. म्हणजे सुटे भाग पेट्यांमधून घरी येतात आणि गाडी आपण जोडायची. उघडी, हिरवी, दोन माणसांची. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याने आणि फ्लोरा वहिनींनी ती घराच्या दारात जोडली. वहिनी पेटीतला भाग काढून द्यायच्या, सामी बसवायचा. इंजिन मात्र भंगारातल्या एका छोट्या गाडीचं घातलं. तेवढंच परवडत होतं.

दर उन्हाळ्यात दोघं त्या गाडीतून साउथहॅम्प्टनच्या बाजूला समुद्रावर जायची. वाटेत मोटरवे सोडला की एक चढण लागते. दोन माणसं घेऊन ते इंजिन मध्यावर उकळायचं आणि बंद पडायचं. म्हणून वहिनी पायथ्याशी उतरायच्या, साडी वर खोचून चढण चालत चढायच्या. सामी रिकामी गाडी वर नेऊन थांबायचा. दर वर्षी हेच. सामी म्हणायचा, "पुढच्या वर्षी मोठं इंजिन घालतो." वहिनी म्हणायच्या, "असू द्या हो. मला चालायला आवडतं."

पुढचं वर्ष काही आलं नाही. वहिनी गेल्या. मग सामीच्या डोळ्यांचं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यातल्या तपासणीपर्यंत चालवा, त्यापुढे लायसन्स राहील असं वाटत नाही.

म्हणून ते इंजिन. त्या चढणीवर दोन माणसं बसवून, कुणी न उतरता, एकदा जायचं. तेही सामीच्या हाताने, उन्हाळ्याच्या आत. बाकी काही नाही.

* * *

सामी शनिवारी हत्याराला हात लावत नाही. शब्बाथ. कोकणात त्याच्या वाडवडिलांचा धंदा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. सामी म्हणतो, "आम्ही अजून तेच आहोत. तेल इंजिनाचं, इतकाच फरक."

मला आणि बापटांना मात्र शनिवार मोकळा. आम्ही काम करायचो. सामी पायी यायचा, खुर्चीवर बसायचा, हात कोटाच्या खिशात. सांगणं म्हणजेसुद्धा काम, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे तोंड बंद.

एका शनिवारी आम्ही क्लच प्लेट बसवली आणि गिअरबॉक्स इंजिनाला जोडला. सामी दुपारभर खोकत होता. बापट म्हणाले, "चेऊलकर, छातीला थंडी बसलीय तुमच्या." मी त्याला घरी जा म्हणालो. तो जाईना. खोकतच राहिला. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा इतका खोकला की बापटांनी पाठ चोळली.

रविवारी सकाळी आला तो ठणठणीत.

"प्लेट उलटी बसवलीत," म्हणाला.

मी म्हणालो, "काल का नाही बोललास?"

"आणखी किती खोकायचं माणसाने?"

गिअरबॉक्स परत उतरवला. प्लेट बापटांनी धरली होती, हे नोंदवून ठेवतो.

* * *

जानेवारीत इंजिन गाडीत उतरवलं. साखळीला टांगून, बोटबोट खाली सोडत. बसलं. मी मापं आधीच घेतली होती, बसणारच होतं. टर्बो म्हणजे गोगलगाईच्या आकाराचा लोखंडी पंखा, इंजिनाच्या कुशीला लटकतो, तोही बसला. आम्ही चहा केला.

चहा पिता पिता बापट म्हणाले, "हा दांडा कसला राहिलाय बाहेर?"

तो स्टीअरिंगचा दांडा होता. तो जिथून जायचा बरोबर त्या जागी टर्बो बसला होता. ज्या गाडीतून इंजिन काढलं ती डाव्या हाताच्या स्टीअरिंगची, युरोपातून आलेली. आमचं स्टीअरिंग उजवीकडे. आणि माझी मापं सगळी इंजिनाची. दांडा तेव्हा काढून भिंतीला टेकवला होता.

बापटांनी कप खाली ठेवला.

"एकदा ठरवून टाका," ते म्हणाले. "गाडीला पळायचंय की वळायचंय?"

फेब्रुवारी त्यात गेला. टर्बो वर उचलायचा म्हणून मी नवा पाइप वेल्ड केला. तो इतका वर आला की बॉनेट लागेना. मग बॉनेटला भोक पाडायचं ठरलं, मी खडूने खूण केली. सामी त्या खुणेवरून बराच वेळ बोटं फिरवत होता. हे बॉनेट वहिनींनी रंगवलं होतं. मी म्हणालो, नको असेल तर दुसरं काही करू.

"पाड," म्हणाला. "तिला घाई असायची नेहमी."

वहिनींना कधी घाई असलेली मी पाहिली नाही.

* * *

इन्शुरन्सचा फोन रूथने लावून दिला. रूथ सामीची मुलगी, इथेच जन्मलेली, रीडिंग शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत असते. या सगळ्याला तिचा विरोध होता. तिचं मला सांगणं, "दत्तूकाका, डॅडीला तुम्ही सांगा ना. माझं नाही ऐकत." मी म्हणालो, माझंही ऐकत नाही. हे खरं नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

फोन स्पीकरवर. पलीकडे एक तरुण मुलगी, बोलायला चांगली. गाडी कुठली, जोडली कुणी, सगळं विचारलं. चालवणाऱ्याचं वय विचारलं. सामीने सांगितलं, एकोणऐंशी. पलीकडे टाइप करायचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला. इंजिन बदललंय का? हो. आधीपेक्षा पॉवर जास्त आहे का? सामी म्हणाला, तिप्पट. परत आवाज थांबला.

मग तिने विचारलं, बदल करण्याचं कारण?

सामी इंग्रजीतच म्हणाला, "बायकोला चालून चालून कंटाळा आला होता."

मग ती म्हणाली, "मी इथे 'परफॉर्मन्स' असं लिहिते, चालेल?"

"चालेल," सामी म्हणाला.

रूथ उठून बाहेर गेली. त्यानंतर तिने विरोध केला नाही.

* * *

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं त्या दिवशी सामीने मलिदा ठेवायचा ठरवला. त्यांच्यात शुभकार्याला, नवस बोलायला, फेडायला मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबीच्या नावाने. हा त्यांचा पैगंबर, अग्नीच्या रथात बसून वर गेला. जाता जाता कोकणात खडकावर चाकांची खूण ठेवून गेला, ती सामीने लहानपणी पाहिलेली.

मलिदा रूथने केला. आईवाचून पहिल्यांदाच. खोबरं फ्रोझन होतं, नीट सुटलं नव्हतं, दाताला गार लागत होतं. सामीने खाल्लं, परत मागून घेतलं.

बापटांना शंका आली. इंजिनासाठी मलिदा चालतो का?

सामी म्हणाला, "तो रथातून सरळ वर गेला. काय वाटतं, साध्या इंजिनावर गेला असेल?"

प्रार्थना म्हणून झाली. मी किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. मी पेट्रोल बघितलं, वायरी बघितल्या, फ्यूज बघितले. सगळं बरोबर. संध्याकाळ व्हायला आली. बापट मॅन्युअलची पानं उलटत होते. शेवटी रूथ म्हणाली, या गाड्यांच्या किल्लीत चिप असते ना, ती जवळ नसली तर इंजिन लागत नाही? तुम्ही जुनी किल्ली आणली का इंजिनाबरोबर?

आणली होती. बापटांनी ती स्वतःच्या घराच्या जुडग्यात अडकवली होती, हरवू नये म्हणून. आणि जुडगा होता त्यांच्या बायकोकडे, बायको मंदिरात.

मंदिरातून किल्ली आली. ती स्टीअरिंगखाली टेपने चिकटवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. टर्बो शीळ घालायला लागला. शेजारच्या लॉक-अपमधला म्हातारा टेरी बाहेर आला. असा आवाज यायलाच हवा का, म्हणून त्याने विचारलं.

सामीने मान डोलावली.

* * *

एमओटी, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, पास झाली. पहिली चक्कर मी मारली. इंजिन मी बसवलं, मेलो तर मीच मरावं, असा हिशेब. शेजारी बापट, त्यांनीच हट्ट धरला. विमानात बसल्यासारखे डोळे मिटून बसले होते.

टर्बोचं असं असतं. पाय दाबला की आधी क्षणभर काहीच होत नाही. माणूस म्हणतो, बिघडलं. मग मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी गाडी सुटते. बापटांची टोपी गेली. ती नंतर सापडली नाही.

परत आलो तेव्हा सामीने विचारलं, कशी आहे?

बापट उतरले, कोट नीट केला. म्हणाले, "आमच्या कौन्सिलसारखी. बराच वेळ काही नाही, आणि मग सगळं एकदम."

त्या दिवशी सामी नव्या इंजिनानंतर पहिल्यांदा तिच्यात बसला. चालवली नाही. नुसता स्टीअरिंगवर हात ठेवून बसला. लॉक-अप बंद करायची वेळ झाली तरी उठेना. मी शटर अर्धं ओढून बाहेर उभा राहिलो.

* * *

मे महिन्यातला रविवार. कोरडा रस्ता, स्वच्छ ऊन. डोळ्यांची तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. दोनच सीटा, म्हणून बापट मागे राहिले. सामीच्या शेजारी मी.

हॅरोपासून त्यानेच चालवली. चांगली चालवली. मी डेपोत दुसऱ्याच्या चालवण्याला चांगलं म्हटलेलं कुणाला आठवणार नाही, पण त्या दिवशी चालवली. मोटरवेवर तो एकदाच बोलला. म्हणाला, वहिनी इथे नेहमी गाणं म्हणायच्या आणि वाऱ्यात त्याला एक शब्द ऐकू यायचा नाही.

मोटरवे सोडला. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, अरुंद रस्ता. वळण घेतलं आणि समोर चढण. मी ती पहिल्यांदा बघत होतो. चांगलीच उभी होती.

पायथ्याशी त्याने गाडी गवताच्या कडेला घेतली. न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच. उतरला.

मी विचारलं, "डोळे?"

"डोळ्यांना काही झालेलं नाही. तू इकडे बस. वर ने."

"आणि तू?"

"मी येतो चालत."

मी म्हणालो, ही दोघांना घेऊन जाईल. तिसऱ्या गिअरात जाईल. माझी जबाबदारी. एवढ्यासाठीच हिवाळाभर हात सोलून घेतले ना?

"जाईल. माहीत आहे मला," सामी म्हणाला. "ने तू."

त्याने कोट काढला, सीटवर ठेवला, बाह्या दुमडल्या.

मी गाडी वर नेली. तिसऱ्या गिअरात. शीळ घालत गेली, कुठे अडली नाही, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. शेजारच्या सीटवर नुसता त्याचा कोट. वर सपाटीला थांबवली आणि इंजिन बंद केलं.

खाली रस्ता कुंपणांमधून दिसत होता. सामी दिसायचा, वळणाआड जायचा, परत दिसायचा. एक गाडी त्याच्याजवळ थांबली. त्याने हाताने तिला पुढे जा म्हणून सांगितलं. मध्यावर तो एका फाटकाला धरून उभा राहिला, बराच वेळ. मी दार उघडलं. मग लावून घेतलं.

तो निघाला. हळूहळू आला. शर्ट पाठीला चिकटला होता. गाडीशी येऊन दारावर हात ठेवून उभा राहिला. धाप ओसरू दिली. मागे वळून सगळी चढण एकदा बघितली.

"फिटलं," म्हणाला, आणि शेजारच्या सीटवर बसला.