क्लच नसलेली गाडी

माळा साफ करताना जुना कीबोर्ड हाती लागला. डावा बाण माझ्याच बोटाने झिजलेला. त्यावर खेळायचो तो फुकटचा रेसिंग गेम आठवला. वळणावर बाण दाबून ठेवला की गाडी आडवी घसरत जायची, भिंतीला घासली तरी वेग तेवढाच. ब्रेक नावापुरता.

आमच्या घाटकोपरच्या घरी बाबा तो एकदाच खेळले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीत नापास ठरवून त्यांना बसवरून काढून डेपोतल्या टेबलकामाला बसवलं होतं. वर शाल, नारळ आणि साहेबांचं लांबलचक भाषण.

बाबा प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली त्यांचा डावा पाय क्लच शोधत फरशीवर आपटत होता.

"बाबा, घसरवा ना! शेवटचे आलात."

"उभे पॅसेंजर पडतील रे."

"यात पॅसेंजर नाहीतच!" मी हसत सुटलो.

"हो, नाहीत ना," म्हणत ते उठले. पुन्हा कधी बसले नाहीत.

"टाकायचा ना तो?" बायको खालून विचारते. मी बाण दाबून धरलाय, आणि शिडीवर माझा डावा पाय स्वस्थ राहत नाही.