अळणी सोमवार

आमच्या माधव नगरातले प्रभाकर मुळ्ये सर शाळेत बायोलॉजी शिकवायचे. गाव हिंदी मुलखातलं, म्हणून शाळेत हिंदीतून आणि घरी मराठीतून, कोणी विचारो न विचारो. मी भिंतीला भिंत लागून शेजारीण, मला कुठली सुटका? विरजणाला दही मागायला गेले तरी पेशीचा पडदा ऐकूनच परतायचं.

"मीराबाई, हा पडदा मोठा खट," सर सांगायचे. "ज्याला त्याला आत घेत नाही. आपल्या आतड्यात साखर एकटी आली तर तिला हे दार बंद. मिठाचा हात धरून आली की दोघं आत, आणि पाणी त्यांच्या मागोमाग."

त्यांच्या बायकोला, सुलूवहिनीला, यातलं ओ की ठो कळत नसे. पण नवऱ्यावर भरवसा असा, की सरांनी गोळी पुढे केली की कशाची म्हणून न विचारता गिळायची.

बाजारात रंगीत टीव्ही आणि नव्या गाड्या येत होत्या त्या वर्षांत मिल बंद पडली, आणि त्यांचा मुलगा आल्हाद घरी बसला. वहिनींनी सोळा सोमवार धरले. अळणी. सैंधवसुद्धा नाही. पोराला नोकरी लागू दे, एवढंच मागणं.

शेवटचा सोमवार श्रावणात आला. नळाला गढूळ पाणी येत होतं, घरोघरी पोटं बिघडलेली. वहिनींना पहाटेपासून जुलाब सुरू झाले. सरांनी साखर-मिठाचं पाणी केलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. आज सोमवार, म्हणे. साखरेचं पाणी चालेल. सरांनी परोपरीनं समजावलं, की नुसती साखर अंगी लागत नाही, उलट पाणी बाहेर ओढते. मी तर भडकलेच. म्हटलं, आजारी माणसाला देवसुद्धा सूट देतो, कसला हट्ट हा! ऐकतील तर शपथ. शेवटच्या दिवशी उपास मोडला तर पोराचं वाटोळं होईल, हेच धरून बसल्या. दवाखान्यात जायचं तेही संध्याकाळची पूजा झाल्यावर. सरांनी तेही मानलं. बायकोचं मन मोडणं त्यांना कधी जमलंच नाही.

दुपारपर्यंत वहिनींचे डोळे खोल गेले, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. तेव्हा सरांनी लिंबू पिळून मीठ लपवलं आणि साखरेचंच आहे म्हणून पेला ओठांना लावला. इतके सोमवार अळणी खाल्लेल्या जिभेला ते लपणार होय? पहिल्याच घोटाला त्यांनी थुंकून टाकलं. सरांकडे नुसतं बघत राहिल्या.

"तुम्ही मला फसवलंत," म्हणाल्या.

त्यानंतर दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं. सरांकडून पाण्याचा घोट नाही, आल्हादकडून नाही, माझ्याकडूनही नाही. शेवटी बापलेकांनी उचलून ऑटोत घातलं, मी मागे बसले. त्यात श्रावणी सोमवारची महाकालाची सवारी, देवाची पालखी, निघालेली, रस्ते बंद. पोलीस म्हणाला, घूमकर जाओ. आम्ही गल्लीबोळांतून फिरत राहिलो. दवाखान्यात पोचलो तर सलाईन लावायला शीर सापडेना. दिवेलागणीच्या आत सगळं संपलं.

लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, सवारीच्या दिवशी गेली, भाग्यवान बाई. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सर उठून आत जायचे.

पुढे दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले, तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "सर, तुम्ही तिच्या जिवासाठीच केलंत ना? मग मनाला किती लावून घेणार?"

सरांनी ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "थुंकल्यावर मी दुसरा पेला आणला होता, मीराबाई. त्यात मीठ नव्हतं. साखरही नव्हती, साधं पाणी होतं. तिची जीभ कोरडी पडली होती. मी आल्हादची शपथ घेतली, तरी तिला खरं वाटलं नाही."