नव्या विजारी जुन्या करणारा परीट

नाथाजी परटाला उंब्रजमध्ये कुणी नावं ठेवलीच, तर ती त्याच्या फटकळ तोंडाला. धुण्यावर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती. तारळी नदीच्या काठावर त्याच्या बापाचा दगड होता. त्याच दगडावर त्यानं अर्ध्या गावाची धोतरं, लुगडी आणि नवरदेवांचे फेटे धुतले. कोपऱ्यावरची बिब्ब्याच्या काळ्या रसाची खूण बघून कपडा कुणाच्या घरचा ते तो सांगायचा. एकदाच काय ते एका लुगड्याचा रंग पाटलांच्या धोतराला लागला, तर त्या दिवशी गडी जेवला नाही. परटाकडे दिलेलं कापड जसंच्या तसं माघारी गेलं पाहिजे, हा त्याचा धर्म होता.

अशा माणसाच्या नशिबी काय यावं? शहाण्णव साली सांगलीच्या देवदत्त नावाच्या तरुणानं हमरस्त्याला लागून जीन्स धुण्याचा कारखाना काढला. तोवर घरोघरी धुण्याच्या पावडरी आल्या होत्या आणि नाथाजीचं गिऱ्हाईक रोडावलं होतं. देवदत्तला कापडाचा स्वभाव ओळखणारा माणूस हवा होता, म्हणून त्यानं नाथाजीला बोलावून घेतलं. काम काय, तर पुण्याहून येणाऱ्या कोऱ्या करकरीत विजारी धुऊन विटक्या करायच्या.

नाथाजीला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

"आवं, लोकं जुन्याचं नवं करून मागत्यात. आन् तुमी नव्याचं जुनं?"

"शहरात तीच फॅशन आहे, नाथाजीमामा."

"मग त्यास्नी म्हणावं, दोन वरीस रानात राबा. आपसूक जुनी व्हत्यात."

देवदत्त पोट धरून हसला. मग त्यानं एक निळा कॅन उघडून दाखवला. पूर्वी विजारींबरोबर दगड घालून घुसळायचे, त्यात शिवणी उसवायच्या आणि मशीनही झिजायचं. आता दगडाचं काम हे एन्झाइम करणार होतं. "कापूस म्हणजे झाडाचाच भाग," देवदत्त म्हणाला. "झाडाच्या पेशींना भिंत असते. ती ज्या सेल्युलोजची, त्याचाच हा दोरा. रानात पडलेलं लाकूड कुजतं, कारण बुरशी ह्या भिंती फोडून खाते. फोडायला ती जे सोडते, ते ह्या कॅनमध्ये आहे. ह्याचीच भावंडं आमच्याकडच्या द्राक्षाचा रस नितळ करतात, कागदाचा लगदा साफ करतात. इथं ते दोऱ्यावरची लव खाणार, आणि लवेबरोबर निळा रंग सुटणार."

"आन् लव संपल्यावर?"

"मग दोराच खाईल. म्हणून ते वेळेवर मारायचं. मशीनचा ड्रम थांबला की कढत पाणी सोडायचं. नाहीतर ओल्या कापडात बसून खातच राहतं."

नाथाजीनं मान डोलावली. पहिल्या मोठ्या खेपेच्या दिवशी देवदत्तला पुण्याला जावं लागलं, आणि ड्रम नाथाजीच्या हवाली झाला. ड्रम थांबला, त्यानं झाकण उघडलं, तर आतलं पाणी निळंशार. एवढा रंग गेलेला, त्यावर आणि कढत पाणी? रंगीत कापडावर कढत पाणी ओतलं म्हणून बापानं लहानपणी त्याची पाठ सोलून काढली होती. हात काही धजेना. त्यानं विजारी गार पाण्यात खळखळून काढल्या, पिळल्या, ढीग रचला, आणि उरलेला रंग तरी वाचवला म्हणून खुशीत घरी गेला.

सकाळी देवदत्तनं वरची विजार उचलून मांडीपाशी ताणली. टर्रकन फाटली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. रात्रभर त्या ढिगात एन्झाइमची पंगत बसली होती.

देवदत्त ओरडला नाही. "मामा, उद्यापासून तुम्ही घड्या घाला," एवढंच म्हणाला. "ड्रमवर मी पुण्याचा माणूस आणतो." घड्या घाला! त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

घरी बायको वाटच बघत होती. "नदीवर बाया इचारत्यात, परटानंच कापडं फाडली म्हनं," धोंडुबाई म्हणाली. "मी काय सांगू, आवं?" भाकर तशीच ठेवून नाथाजी कारखान्यावर परत गेला.

"एक खेप मला द्या," तो देवदत्तला म्हणाला. "फाटली तर उंब्रजात मी परीट म्हनवून घ्यायचा न्हाई."

"परवा विजारी पाठवणारा व्यापारी स्वतः येतोय, मामा. ही फाटली तर मलाही कारखान्याला कुलूप लावावं लागेल."

"म्हनून तर मागतूय."

देवदत्तनं ड्रमची चावी त्याच्या हातात दिली.

ह्या खेपेला नाथाजी ड्रमपासून हलला नाही. पन्नाशी गाठलेला माणूस, पण घड्याळ आणि तापमानाचा काटा कसा बघायचा ते देवदत्तकडून पुन्हा शिकून घेतलं, त्यात लाज मानली नाही. मधूनच एक विजार बाहेर काढून पालथ्या हातानं लव तपासायचा. वेळ झाली तेव्हा त्यानं मनातल्या मनात बापाची माफी मागितली आणि कढत पाण्याचा कॉक उघडला.

व्यापारी आला. मांडीपाशी ताणून बघितलं, गुडघ्यापाशी ताणून बघितलं. विजार फाटेना, पण त्याच्या कपाळावरची आठीही जाईना. नाथाजीचं डोकं फिरलं. त्यानं धोंडुबाईला बोलावणं धाडलं, विजार बादलीत बुचकळली, आणि एक टोक तिच्या हातात दिलं.

"गोधडी पिळतो तशी पीळ. हात राखू नगंस."

दोघांनी पाय रोवले आणि नदीवर आयुष्यभर घातला तसा पीळ घातला. शिवण करकरली, पाण्याची धार लागली, धोंडुबाईच्या कपाळावरची शीर तटतटली. विजार तशीच राहिली. मऊ झालेली, फिक्या आभाळाच्या रंगाची, पण अख्खी.

"कुणी धुतलीय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"आमच्या नाथाजीमामांनी," देवदत्त म्हणाला, आणि त्याची छाती नाथाजीपेक्षा जास्त फुगली.

"पुढचा सगळा माल ह्यांच्याच हातचा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी नदीवर एका बाईनं धोंडुबाईला डिवचलंच. "काय गं, तुजा मालक नवी कापडं जुनी करतूय म्हनं?"

धोंडुबाईनं हातातलं लुगडं दगडावर आपटलं आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय, करतूय. जुनं काय, कुनीबी करंल. फाटू न देता जुनं करायला परीट लागतूय."