जिंकल्याचा आवाज

आमच्या वॉटफर्डच्या ऑफिसात शैलाताई स्टीलची वाटी मुद्दाम जमिनीवर पाडायच्या. मग मान तिरकी करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ही नको रे, ही रडते." आमची कंपनी पैसे टाकून खेळायची स्लॉट मशिन्स बनवते. मशिनमधल्या चक्रांचं गणित माझ्याकडे, आवाज त्यांच्याकडे. जवळच पिनरला त्यांचं घर, तिथून त्या पिशवीभर वाट्या, डाव, झाकण्या घेऊन यायच्या. "घरोघरी भांड्याला भांडं लागतं, पगार मात्र मला एकटीला मिळतो," असं वर.

जिंकल्यावर वाजणारी त्यांची धून ऐकून मलासुद्धा उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटे. ग्यानबाची मेख अशी, की पाउंड टाकून वीस पेन्स परत आले तरी तीच धून वाजे. "लोकांना तेवढाच आनंद," ताई म्हणायच्या.

मग नाशिकहून त्यांच्या सासूबाई आल्या. सून काय काम करते ते दाखवायला ताईंनी त्यांना हौसेने समुद्रकिनाऱ्यावरच्या आर्केडमध्ये, म्हणजे अशा मशिन्सच्या खेळघरात, नेलं. तिथे आमचंच मशिन होतं. म्हातारी बसली ती उठेना. धून वाजली की टाळी द्यायची, "शैला, परत जिंकले गं." गाडीत बसल्यावर पाकीट उघडून त्यांनी विचारलं, "एवढ्या वेळा जिंकले, मग हे रिकामं कसं?"

हे मला सांगताना ताई हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "काय सांगू रे त्यांना? माझ्या भरवशावर खेळल्या त्या."

सोमवारी त्यांनी धून बदलली. टाकल्यापेक्षा कमी परत आलं, की पोळपाट आपटल्याचा नुसता 'ठप्प'. साहेब म्हणाला, "शैला, हे हरल्यासारखं वाटतं."

"हरलेलेच असतात ते," ताई शांतपणे म्हणाल्या.

साहेबाने जुनी धून परत लावायला सांगितली. ताईंनी राजीनामा दिला. मुलगी अजून युनिव्हर्सिटीत, या वयात दुसरी नोकरी कुठे मिळणार, असं मी पुष्कळ समजावलं. "राहू दे रे. आता ती धून वाजली की मला सासूबाईंची टाळी ऐकू येते," एवढंच त्या म्हणाल्या.

निरोपाच्या दिवशी मला केक भरवत म्हणाल्या, "तुझं काम बरं. आकडे खोटं बोलत नाहीत. खोटं मीच बोलत होते."

मी तोंडभर केक घेऊन मान डोलावली. दोन चक्रांवर सातचा आकडा जुळतो, तिसऱ्यावरचा सात जिंकायच्या रेषेच्या किंचित वर थांबतो, आणि माणूस 'थोडक्यात हुकलं' म्हणत पुन्हा पैसे टाकतो. ते आपोआप होत नाही. तशी चक्रं मी मांडतो. ताईंना ते माहीत नव्हतं, आणि केक गिळून झाल्यावरही मी सांगितलं नाही.